यवतमाळला सूचिपर्णी झाडं का नाहीत?

शाळेत असताना वहीच्या पानांत ‘विद्या’ ठेवली नाही असा मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे विरळा. चपट्या, हिरव्या, पंख्यासारख्या फांदीचा तो तुकडा. पुस्तकात ठेवला की अभ्यास डोक्यात राहतो, असं सगळे सांगायचे. कुणी त्याला मोरपंखी म्हणतं. हे झाड मुळात चीनकडचं, आणि ते सूचिपर्णी कुळातलं आहे. त्याला फूल येत नाही, फळ येत नाही. येतात ते शिंगं फुटल्यासारखे छोटे, निळसर हिरवे शंकू. वणीत वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांनी हात लावलेलं हे पहिलं सूचिपर्णी झाड, आणि बहुतेकदा शेवटचंही.

‘मग सुरूचं झाड?’ असं कुणी विचारेल. सुरूच्या त्या लोंबत्या सुया पाइनसारख्या दिसतात खऱ्या, पण सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. दिसायला सारखा, नात्याने लांबचा.

यवतमाळ जिल्ह्याचं जंगल म्हणजे साग. सागासोबत ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, पळस. उन्हाळ्यात पानं गाळून उभं राहणारं कोरडं जंगल. टिपेश्वरला गेलात तर सागाच्या वाळक्या पानांवर हरणाचं पाऊलही खडखड वाजतं. देवदार, चीड, फर ही झाडं आपल्याला सिनेमातून माहीत. आपल्या घरात त्यांचं लाकूड येतं ते बाहेरून, खोक्याच्या फळ्यांच्या रूपाने. बाळंतिणीला देतात तो देवदार्व्यादी काढा आठवा. त्यातला देवदारही हिमालयातून येतो.

याचं सोपं उत्तर कुणीही देईल. वणीचं मे महिन्यातलं ऊन एकदा अनुभवा, मग विचारा देवदार का नाही ते. पण हे उत्तर पुरत नाही. सूचिपर्णी म्हणजे फक्त बर्फातली झाडं नव्हेत. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ-तमिळनाडूच्या दमट जंगलात, आजही एक सूचिपर्णी झाड रानात आपोआप उगवतं. त्याचं शास्त्रीय नाव नेजिया वॉलिचियाना. नाव सूचिपर्णी, पण पानं चांगली रुंद. दक्षिण भारतातलं हे एकमेव देशी सूचिपर्णी.

एकमेव, हा शब्द मला खटकला. एवढ्या मोठ्या द्वीपकल्पात एकच? मी वाचायला लागले, आणि कळलं की माझा प्रश्नच उलटा होता. ही झाडं आपल्याकडे होती. ती आज का नाहीत यापेक्षा गेली कधी आणि कशी, हे विचारायला हवं. आणि ते सांगणारे कागद कुठल्या दूरच्या दफ्तरात नाहीत. ते वणीच्या खाणीत, नागपूरच्या एका टेकडीत आणि वरोऱ्याजवळच्या एका शेतशिवारात आहेत.

वणीचा कोळसा

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांचा. पण पूर्वेला वणी तालुक्यात शिरलं की जमीन बदलते. इथे लाव्हाच्या कितीतरी आधीचे खडक वर येतात. चुनखडी येते, वाळूचा खडक येतो आणि कोळसा येतो. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी ही नावं आमच्याकडे गावांची कमी आणि खाणींची जास्त झाली आहेत.

ब्रिटिशांच्या काळात या जिल्ह्याचं नावच ‘वून’ होतं, म्हणजे वणी. १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ झालं. वर्धा नदीच्या पलीकडे वरोऱ्याला १८७१ मध्ये कोळशाची खाण सुरू झाली. नदीच्या दोन्ही काठांचा कोळसा मोजून, नकाशे काढून थिओडोर ह्यूज या भूशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये ‘वर्धा खोऱ्यातलं कोळसा क्षेत्र’ असा सविस्तर अहवाल भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लिहिला. आजच्या खाणींची पहिली कुंडली तीच.

हा कोळसा साधारण २७-२८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचा आहे. तेव्हा भारत इथे नव्हताच. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्यासोबत तो दक्षिण गोलार्धात खाली एकत्र जोडलेला होता. त्या महाखंडाला गोंडवाना म्हणतात, आणि ते नाव आपल्याच भागातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं आहे. कोळशाच्या जंगलाआधी इथे हिमनद्या होत्या. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी चुनखडीवर बर्फाने घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत. फ्रान्सिस फेडन याने १८७५ मध्ये ते लिहून ठेवले. ज्या चंद्रपूरचं नाव उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत झळकतं, त्या चंद्रपूरजवळ.

बर्फ वितळला आणि दलदलीत जंगल उभं राहिलं. त्यातलं मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. पान जिभेसारखं लांबट, मधोमध ठळक शीर. हे झाड सूचिपर्णी नव्हे, पण त्याच मोठ्या घराण्यातलं. फळाच्या आवरणाशिवाय उघडं बी देणाऱ्या झाडांना अनावृतबीजी म्हणतात, त्यातलं. खरी सूचिपर्णी झाडंही त्या काळात भारतात दाखल झाली होती, पण राज्य ग्लॉसोप्टेरिसचं होतं. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. त्यांत हेच जिभेसारखं पान होतं. अंटार्क्टिका आणि भारत कधीकाळी एकत्र होते, याच्या मोठ्या पुराव्यांपैकी ते एक.

माझे मामा खाणीत डंपर चालवायचे. कोळशावरची माती आणि खडक काढून बाजूला टाकतात, त्याला खाणीत ‘ओबी’ म्हणतात. आमच्याकडच्या टेकड्या आता बहुतेक ओबीच्याच. मामांनी एकदा पाटीसारखा एक करडा दगड घरी आणला होता. त्यावर पानाचा ठसा. आजी म्हणाली, ‘आंब्याचं पान दिसते बा.’ खूप वर्षं तो टीव्हीखालच्या कप्प्यात पडून होता. आंब्याचं पान आणि ग्लॉसोप्टेरिसचं पान आकाराने खरंच सारखं दिसतं. फरक एवढाच, की तेव्हा पृथ्वीवर आंबा नव्हता. कुठलंच फूल नव्हतं.

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या सजीवांचा सर्वांत मोठा संहार झाला आणि ग्लॉसोप्टेरिसचं राज्य संपलं. मोकळ्या जागेत इतर अनावृतबीजी झाडं पसरली. सूचिपर्णी झाडांचे दिवस आले ते तेव्हा. त्या काळाचे साक्षीदार गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधमला आहेत. तिथे अख्खे बुंधे दगड होऊन पडले आहेत. डायनासोर त्या जंगलांतून हिंडत होते.

टाकळीचा शंकू

आता नागपूरला जाऊ. शहराच्या वायव्य अंगाला टाकळी नावाचा भाग आहे. आज तिथे पोलीस लाईन आहे, वस्ती आहे, आणि शेजारच्या मोहल्ल्याचं नाव गिट्टीखदान आहे. १८५१ च्या सुमारास इथे दोन स्कॉटिश मिशनरी दगड फोडत हिंडत होते. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. काम धर्मप्रसाराचं आणि शाळेचं, पण त्याची नजर सारखी जमिनीकडे.

टाकळीला त्यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा एक पातळ थर सापडला. एक लाव्हा येऊन थंड झाला. त्यावर पाणी साचलं, तळी झाली, शिंपले-गोगलगाई आल्या, काठावर झाडं आली. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकलं गेलं. लाव्हाच्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. ती लाकडाच्या, फळांच्या, बियांच्या पेशीपेशीत शिरली आणि तिथेच घट्ट झाली. म्हणून त्या थरातली फळं दगडाची असली, तरी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आतली रचना दिसते. १८५५ मध्ये या दोघांनी नागपूरच्या परिसरातल्या भूशास्त्रावर आणि जीवाश्मांवर लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. नमुनेही विलायतेला गेले.

हंटर आजारपणामुळे १८५५ मध्ये परत गेला आणि पुढे त्याने एक प्रचंड इंग्रजी ज्ञानकोशीय शब्दकोश तयार केला. हिस्लॉप इथेच राहिला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना, बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. (टाकळी वेगळी, टाकळघाट वेगळं. नागपूरकरांना सांगायला नको.) गोंडांबद्दलची त्याची टिपणं रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली. त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या किती जणांना टाकळीची गोष्ट माहीत असेल?

टाकळीच्या त्या दगडी ऐवजात शंकू होते. पण ते शंकू नेमके कुणाचे, हे कळायला ऐंशी वर्षं जावी लागली. ते काम लखनौच्या बिरबल साहनींनी केलं. साहनींनी भारतातल्या सूचिपर्णी जीवाश्मांची फेरतपासणी हाती घेतली आणि १९२८ व १९३१ मध्ये ती दोन भागांत प्रसिद्ध केली. दुसऱ्या भागात टाकळीच्या शंकूंना नावं मिळाली. एकाचं नाव टाकलिओस्ट्रोबस अलाटस. ‘स्ट्रोबस’ म्हणजे शंकू, ‘अलाटस’ म्हणजे पंख असलेला. टाकळीचा पंखवाला शंकू! दुसऱ्याचं नाव इंडोस्ट्रोबस बिफिडोलेपिस, म्हणजे दुभंगलेल्या खवल्यांचा भारतीय शंकू.

या नावाजवळ मी बराच वेळ थांबले. आपल्याकडच्या गावांची नावं गॅझेटियरमध्ये येतात, सातबाऱ्यावर येतात, बातम्यांमध्ये येतात. यवतमाळचं नाव बातमीत कशासाठी येतं हे तुम्हाला माहीत आहे. पण विदर्भातल्या एका टाकळीचं नाव झाडाच्या शास्त्रीय नावात जाऊन बसलं आहे, आणि ते झाड पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही जिवंत नाही.

साहनी १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौत त्यांच्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसवली गेली. त्या कोनशिलेत साहनींनी देशोदेशीचे जीवाश्म जडवले होते. आठवड्याभरात, १० एप्रिलला, ते गेले.

पिसदुऱ्याचं शेण

झाड होतं हे कळलं. पण ते कुणाच्या कामाचं होतं? हिमालयात देवदार-चीडच्या जंगलात पक्षी शंकू फोडून बिया खातात, खारी त्या साठवतात, अस्वलं बुंध्याच्या ढोलीत शिरतात. आपल्याकडच्या सूचिपर्णींवर कोण जगत होतं?

याचं उत्तर वणीपासून फार लांब नाही. वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याला जायचं, तिथून उत्तरेला पिसदुरा. इथे लाव्हा येण्याच्या थोडं आधीचे थर उघडे पडले आहेत. हिस्लॉपच्याच काळात इथे मोठाली हाडं सापडली होती. पुढे चार्ल्स मॅटली या इंग्रज संशोधकाने इथे खोदकाम केलं आणि १९३९ मध्ये पिसदुऱ्याच्या शेणावर एक स्वतंत्र लेख लिहिला. होय, शेणावर. इथे डायनासोरचं शेण दगड होऊन पडलेलं आहे. त्याला कोप्रोलाइट म्हणतात.

शेण म्हणजे जेवणाची नोंदवही. २००५ मध्ये लखनौच्या त्याच साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेण विरघळवून त्यातले वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका-कण तपासले. सहकाऱ्यांमध्ये अशोक साहनी होते, बिरबल साहनींचे पुतणे. काकांनी शंकूला नाव दिलं, पुतण्याने तशा झाडांचा पाला कुणाच्या पोटात गेला ते पाहिलं. शेण बहुधा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनासोरचं. त्यात सूचिपर्णींचे अंश होते, ताडवर्गीय झाडांचे होते, रुंद पानांच्या सपुष्प झाडांचे होते. आणि कुणी अपेक्षा केली नव्हती अशी एक गोष्ट होती. गवत. किमान पाच प्रकारचं. तोवर समज असा होता की गवत फोफावलं ते डायनासोर गेल्यानंतर. हा शोध ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. २०११ मध्ये त्याच प्रकारच्या अभ्यासातून भाताच्या कुळातली गवतंही तेव्हा होती असं दिसलं.

याच शेणात २००४ मध्ये बुरशीही ओळखली गेली होती, पानांवर वाढणारी. त्यात भुरी रोग करणाऱ्या बुरशीच्या नात्यातली एक होती. भुरी! आमच्याकडे वाटाण्यावर, भेंडीवर येते तीच जात. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या शेतकऱ्याला जर सांगितलं की या रोगाने डायनासोरचं जेवणही सोडलं नव्हतं, तर तो हसेल. पण नंतर विचारात पडेल.

जंगल बदललं

पिसदुऱ्याच्या त्या शेणात आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एका जेवणात जुनी आणि नवी झाडं एकत्र दिसतात. सत्तांतर चालू होतं.

सूचिपर्णी झाडं चिवट असतात, पण सावकाश. परागकण वाऱ्यावर सोडायचे आणि नशिबावर भरवसा ठेवायचा. बी पिकायला अनेकदा दोन-दोन वर्षं. सपुष्प झाडांनी वेगळा डाव मांडला. किडे कामाला लावले, फळं खाऊ घालून बिया वाहून न्यायला प्राणी कामाला लावले, आणि लवकर वाढून लवकर बी दिलं. उघड्या पडलेल्या, उद्ध्वस्त जमिनीवर हा डाव जिंकतो. आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये उद्ध्वस्त जमिनीची कमतरता नव्हती. लाव्हा पुन्हा पुन्हा येत होता. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डीजवळ रस्त्याच्या कामात २०२१ मध्ये षटकोनी खांबांसारखे बेसॉल्ट उघडे पडले, ते त्याच लाव्हाचे. दोन लाव्हांच्या मधल्या थरांत सापडणारी झाडं पाहिली, तर बहुतेक सपुष्प आहेत. ताड भरपूर. टाकळीचे शंकू म्हणजे जाणाऱ्या पाहुण्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू.

त्यातच भारत उत्तरेकडे सरकत होता. विषुववृत्त ओलांडून तो आशियाला जाऊन भिडला. हिमालय उठला, मोसमी पाऊस आला, आणि वर्षातले आठ महिने कोरडे असलेली जमीन तयार झाली. या हवामानात पानं गाळून तग धरणारा साग जिंकला. आज हिमालयात दिसणारे देवदार-चीड हे आपल्या जुन्या झाडांचे वंशज नव्हेत. ते मुख्यतः उत्तरेकडून, नव्याने उठलेल्या थंड डोंगरांवर वस्तीला आलेले.

एक झाड मात्र फेरी मारून परत आलं आहे. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत विकतात ते ऑरोकॅरिया. मूळ घर न्यू कॅलेडोनिया, नॉरफोक बेट अशा दक्षिणेच्या बेटांवर. या कुळातली झाडं गोंडवानाच्या काळात भारतात रानटी उगवत होती, त्यांचे जीवाश्म इथल्या थरांत आहेत. बंगल्याच्या दारात कुंडीत उभं असलेलं ते झाड आपल्याला परदेशी वाटतं. खरं तर त्याचं कूळ इथे सागाच्या आधीपासूनचं.

गिट्टी

हे सगळं मी वणीच्या बाजूने सांगते आहे, कारण ही नोंदवही रोज फाटते आहे. कोळसा जळतो, त्यातून वीज येते, त्याच विजेवर तुमचा मोबाइल चार्ज होतो. तो जळायला नको होता असं घरात खाणीचा पगार आलेल्या माणसाने म्हणणं खोटं ठरेल. पण कोळशासोबत पानांचे ठसे असलेले दगड ओबीच्या ढिगाऱ्यात जातात, आणि कुणी ते उचलून पाहत नाही. लाव्हांच्या मधले थर गिट्टी क्रशरमध्ये जातात. टाकळीच्या शेजारच्या वस्तीचं नावच गिट्टीखदान आहे, याहून स्पष्ट काय सांगायचं?

वाघाचं महत्त्व आता आपल्याला कळतं. टिपेश्वरमधून निघालेल्या एका तरुण वाघाने २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत मजल मारली, तेव्हा प्रत्येक फोनवर त्याचा नकाशा होता. तो वाघ ज्या रोह्यावर जगतो, तो रोही गवत खातो. आणि त्या गवताच्या जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक शेजारच्या तालुक्यात शेणात सापडला. वाघाला कायदा आहे, अभयारण्य आहे. जीवाश्मांसाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा विधेयकाचा मसुदा जाहीर केला. मसुदा हा शब्द लक्षात ठेवा.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर काम तुमच्या-माझ्या हातातल्या फोनचं आहे. विहीर खोदताना, रस्ता होताना, नाल्याच्या काठावर पानाचा ठसा, लाकडाच्या रेषा असलेला दगड, शिंपल्यांनी भरलेला पांढरा थर दिसला, तर उपटून घरी नेऊ नका. जागेवरून उचलला की त्याची निम्मी गोष्ट हरवते, कारण थर कुठला हे कळत नाही. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन चालू ठेवा, आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला पाठवा. खाणीच्या ढिगाऱ्यावर मात्र चढू नका. ते ढासळतात, माणसं मेली आहेत.

मामांचा तो दगड घर बदलताना गेला. कुठल्या खड्ड्यातून आला होता हे मामांना आता आठवत नाही, त्यामुळे तो असता तरी फार काही सांगू शकला नसता. हिस्लॉपने दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट केली. दगड कुठे सापडला, ते लिहून ठेवलं. म्हणून ऐंशी वर्षांनी लखनौतल्या एका माणसाला तो शंकू टाकळीचा आहे हे कळलं, आणि म्हणून टाकळीचं नाव झाडाला मिळालं. वणीच्या, झरीच्या, मारेगावच्या कितीतरी गावांची नावं अजून अशी द्यायची राहिली आहेत.